दसऱ्याआधी बैठक घ्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘शाळा सुधारायला शिक्षक आहेत, अधिकारी आहेत, त्यात गावच्या बायामाणसांचं काय काम?’ हा प्रश्न मला बीडमध्ये चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनच जास्त येतो.

काम आहे, आणि ते कायद्यानंच दिलंय. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा. प्रत्यक्षात प्रोसिडिंगची, म्हणजे बैठकीतले ठराव लिहायची, वही घरोघर फिरते. चुलीपुढं बसलेली बाई पिठाचा हात लुगड्याला पुसते आणि बोट ठेवलेल्या जागी सही करते. वर ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलेलं असतं, बैठक झालेलीच नसते. मला याचा फार राग येतो.

कारण त्या बाईला जे ठाऊक असतं, ते तालुक्याच्या कचेरीत कुणालाच ठाऊक नसतं. आमचा भाग ऊसतोडीचा. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कुणी घेतली, कोणता कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, कोल्हापूरकडं जाणार, कोणता कर्नाटकात, मागं आजी आहे का, तिला धड दिसतं का, म्हणजे लेकरू गावात राहील की उसाच्या फडावर जाईल, हे तिला दसऱ्याआधीच कळलेलं असतं. अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तीही शाळा समितीमार्फतच चालते. पण यादी, प्रस्ताव, मंजुरी यात दिवाळी उलटली तर टोळी ट्रकमध्ये बसून गेलेली असते. नाव पटावर, आणि लेकरू फडात धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं.

पट घसरला की शाळेवरच गदा येते. 2023 साली 20पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकच समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारनं मागवले होते. पहिलीतलं पोर भरल्या ओढ्यातून दुसऱ्या गावी कसं जाईल, हे आधी त्याच्या आईला विचारायला नको?

मागणं फार नाही. बैठक अकरा वाजता ठेवू नका, तेव्हा बाया खुरपायला, कापूस वेचायला गेलेल्या असतात. दिवेलागणीनंतर ठेवा. वही मोठ्यानं वाचा, मग सही घ्या. गुरुजींनाही तेच बरं. वरून जाब विचारला तर गाव त्यांच्या पाठीशी उभं राहील. आणि पोळा झाला की पहिला विषय हाच घ्या: यंदा कुणाकुणाच्या घरी उचल आली, आणि त्यांची लेकरं कुणापाशी राहणार?