भूलतज्ज्ञांनी विचारले, ‘घाटात गाडी लागते का?’

मार्च महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रियेची मला फारशी भीती नव्हती. भीती होती ती भूल उतरल्यानंतरच्या दिवसाची. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा वेदनेसाठी सलाईनमधून ट्रॅमॅडॉल दिले होते आणि पुढचा दीड दिवस मी उलट्या करण्यात काढला होता. हे असेच असते, असे समजून तेव्हा मी कोणाला काही बोलले नाही.

या वेळी आठवडाभर आधी भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासणीला बोलावले. मधुमेह, रक्तदाब, हलणारे दात हे सगळे विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, “काकू, घाटात गाडी लागते का?” आंबेनळी घाट मी आजवर एकदाही उलटी न होता उतरलेले नाही, हे मी सांगितले आणि त्याबरोबर पित्ताशयाची ती हकीकतही सांगून टाकली. त्यांनी पेन खाली ठेवले आणि समजावले, की शस्त्रक्रियेनंतर उलट्या होण्याचा धोका चार गोष्टींवरून जोखतात: रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागण्याचा किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्यांचा त्रास असणे आणि नंतर ट्रॅमॅडॉल, मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अफूवर्गीय औषधे लागणे. चारही गोष्टी जुळल्या, तर शंभरातल्या सुमारे ८० जणांना हा त्रास होतो. पहिल्या तीन माझ्या बाबतीत ठरलेल्याच होत्या, त्यामुळे चौथीवर जितका ताबा ठेवता येईल तितका ठेवायचा, असे ठरले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. गुंगीसाठी शिरेतून डेक्समेडेटोमिडीन सुरू केले. या औषधाने येणारी झोप नेहमीच्या झोपेसारखी असते, हाक मारली की ओ देता येते आणि श्वास फारसा मंदावत नाही. मात्र नाडी मंदावते. माझी नाडी ५० च्या जवळ आली, तेव्हा त्यांनी औषधाचा वेग कमी केल्याचे मला अर्धवट ऐकू आले. हातोडीचे ठोकेही ऐकू येत होते, पण ते शेजारच्या घरात चालल्यासारखे लांबचे वाटत होते.

त्यानंतर सोनोग्राफीवर पाहून मांडीतल्या मज्जातंतूभोवती बधिरतेचे औषध सोडले. याने गुडघ्याच्या पुढच्या भागाची वेदना थांबते आणि मांडीच्या स्नायूंची ताकद बरीचशी टिकते, म्हणून संध्याकाळी वॉकर धरून मी चार पावले टाकू शकले. जोडीला दर सहा तासांनी पॅरासिटामॉल होते, आणि मूत्रपिंडाचा अहवाल चांगला असल्यामुळे सूज उतरवणारी गोळीही मिळाली.

दुसऱ्या रात्री मांडीतल्या औषधाचा असर संपला. दुखणे दहापैकी आठ होते, तरीही अफूवर्गीय औषध घ्यायचेच नाही, असा हट्ट धरून मी दोन वाजेपर्यंत दात आवळून पडून राहिले. शेवटी सिस्टरनी माझा चेहरा पाहून मॅडमना फोन लावला. उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनबरोबर त्याच वर्गातल्या वेगळ्या औषधाची अगदी लहान मात्रा मिळाली, थोडी मळमळ झाली आणि मी सकाळपर्यंत झोपले. राउंडला आल्यावर मॅडम म्हणाल्या, “काकू, ही औषधे कमी वापरायची असे आपले ठरले होते, दुखणे सोसायचे असे ठरले नव्हते. दुखत असेल तर तुम्ही गुडघा वाकवणार नाही, आणि तो आखडला तर ही सगळी मेहनत वाया जाईल.” त्यांचे म्हणणे मला पटले. भूल उतरण्याआधीच गोळी मागून घ्यायला हवी होती, हेही तेव्हा कळले.

चौथ्या दिवशी जिना चढून दाखवल्यावर घरी सोडले. कोणत्या औषधाने उलट्या झाल्या आणि कोणते सोसले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून देण्याची विनंती मी आवर्जून केली. डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे. ते कार्ड फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवले आहे.