औषधाची किंमत आणि कायद्यातील एक कलम

औषधे इतकी महाग का, असा प्रश्न निघाला की संशोधनाच्या खर्चाकडे बोट दाखवले जाते. तो खर्च खराच आहे. बहुतेक औषधे चाचण्यांतच बाद होतात आणि त्या अपयशाचा भार यशस्वी औषधावर पडतो. तरीही अमेरिकेतील गेल्या दोन दशकांचा घटनाक्रम पाहिला की मला वाटते, किमतीचा फैसला प्रयोगशाळेइतकाच कायद्याच्या कलमांतही होत असतो.

मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा समावेश करणारे विधेयक २२ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास प्रतिनिधिगृहात मतदानाला आले. एरवी पाव तासात आटोपणारे मतदान, विधेयक पडते आहे असे दिसताच, जवळजवळ तीन तास चालू ठेवण्यात आले आणि सदस्यांची मनधरणी करून ते २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. त्यातील एका कलमाने औषधकंपन्या आणि विमा योजना यांच्यातील वाटाघाटींत हस्तक्षेप करण्यास सरकारला मनाई केली. माजी सैनिकांसाठीचे सरकारी खाते कंपन्यांशी घासाघीस करत होते. पण कोट्यवधी ज्येष्ठांच्या औषधांचा बहुतांश खर्च उचलणाऱ्या मेडिकेअरला मात्र भावाविषयी अवाक्षर काढता येत नव्हते. हे विधेयक पुढे नेणाऱ्यांपैकी एक, बिली टॉझिन, २००५ मध्ये 'फार्मा' या औषधउद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. ते नियमांत बसत असेलही, पण ज्या उद्योगासाठी कायदे करायचे त्याच्याच दारी पुढची नोकरी मिळावी, हे मला पटत नाही.

त्या मनाईला पहिले खिंडार पडायला २०२२ साल उजाडावे लागले; त्या वर्षीच्या कायद्याने मेडिकेअरला काही निवडक औषधांच्या दरांबाबत वाटाघाटी करण्याची मुभा दिली. तेव्हाही गोळ्यांच्या रूपातील औषधांना मंजुरीपासून किमान नऊ वर्षे आणि सजीव पेशींपासून बनणाऱ्या जैविक औषधांना तेरा वर्षे वाटाघाटीच्या दरापासून मोकळीक राहिली. मेडिकेअरमधील रुग्णांसाठी इन्सुलिन महिना ३५ डॉलरवर आले. खासगी विमाधारकांना मात्र ही मर्यादा मिळाली नाही, कारण सिनेटमध्ये ६० मते हवी होती आणि ५७ पडली.

निवडलेल्या पहिल्या दहा औषधांचे नवे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहावरील जानुव्हियाची महिन्याची जाहीर किंमत ५२७ डॉलर होती; वाटाघाटीनंतर ती ११३ डॉलर ठरली. विमा योजनांना जाहीर किमतीवर आधीपासून सवलत मिळत असल्यामुळे प्रत्यक्ष बचत या फरकाएवढी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही बोलणी केल्यावर भाव उतरतो, एवढे त्यातून निर्विवाद दिसले. कंपन्या या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. संसदेत तर २०२५ मध्येच नवी पळवाट निघाली : वाटाघाटींपासून मिळणारी मोकळीक पूर्वी एकाच दुर्मीळ आजारावरील औषधापुरती होती, ती आता एकाहून अधिक दुर्मीळ आजारांवरील औषधांनाही मिळणार आहे.