खिडकीत टांगलेलं नेट

चार्जर शोधायला खण उपसला आणि हाती आली एक लांब यूएसबी वायर. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला खाच. ही आपल्याकडे कशाला, म्हणून टाकूनच देणार होतो, तेवढ्यात आठवलं. अरे, हिच्या टोकाला आपण डोंगल टांगायचो, लॅपटॉपला नेट देणारी ती सिम घातलेली कांडी!

लॅपटॉप मांडीवर, वायर सीटच्या कडेनं खिडकीपर्यंत आणि तिथे गजाला रबरबँडनं आवळलेलं डोंगल. त्याचा दिवा हिरवा असला तर टूजी, निळा झाला तर थ्रीजी. निळा लागला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून दाखवावासा वाटे. यात वेडेपणा नव्हता बरं का. रेल्वेचा डबा म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी, लहरींना आत शिरायला खिडकीसारखी वाट नाही. शिवाय गाडी पळत असते. दर थोड्या वेळानं एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि ही सोपवासोपवी फसली की निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा अंधार. मेल अर्धं गेलेलं. 'सेंडिंग' असं लिहून ते ढिम्म बसून राही. मीही.

त्याच्या आधीचा प्रकार तर आताच्या पोरांना थाप वाटेल. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं फोन लॅपटॉपला जोडणं. फोनच्या डोक्याशी आणि लॅपटॉपच्या कडेला एकेक काळपट लाल काच असे. त्या दोन काचा समोरासमोर, हातभर अंतरात ठेवायच्या, भांडण मिटवायला दोघांना बसवतात तशा. मध्ये पाण्याची बाटली आली, तुटलं. बसनं वळण घेतलं, फोन घसरला, तुटलं. आणि जोडायचं कसं, तर लॅपटॉपला चक्क फोन लावायला सांगायचा: *९९#. पलीकडे माणूस नाही, हॅलो नाही, नंबर लागला की जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं मोबाइलचं नेट, सुरू. तो नंबर मला अजून तोंडपाठ आहे. सख्ख्या भावाचा नाही.

खिडकीशी ही झटापट चालली की बाबा हमखास आठवत. प्रवासाला निघताना ते ट्रान्झिस्टर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला. त्याची सळई ओढून लांब केली तरी बातम्यांच्या स्टेशनाला फरक पडत नसे, कारण मीडियम वेव्हचा अँटेना पोटात, फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेला. कांडीचं टोक स्टेशनाकडे आलं की आवाज बसतो, कांडी आडवी धरली की उमटतो. हे शास्त्र मला फार पुढे कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की बाबा अख्खा रेडिओ छातीशी धरून हळूहळू स्वतःभोवती फिरताहेत. खरखर, खरखर, आणि एकदम बातम्या. "हलू नका रे कुणी!" असं ते ओरडत. आम्ही हलल्यानं काय बिघडणार होतं, हे कुणी विचारलं नाही. आई डबा उघडत असली तर तिचा हात झाकणावरच थांबायचा. स्टेशन नीट लागेपर्यंत बातम्या बहुतेक संपलेल्या असत. बाबांचं त्यावाचून काही अडत नसे. "लागलं की नाही?" असं म्हणून रेडिओ बंद करत, सेल वाचवायला.

२०१० साली अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉट फोनमध्येच आला आणि डोंगलं हळूहळू खणात गेली. वेगळं सिम नको, वेगळा रिचार्ज नको, फोनच्याच डेटावर लॅपटॉपचंही भागतं. बहुतेकांना प्रवासात याहून स्वस्त काही नाही, हे माझं ठाम मत. फुकटचं वायफाय? ते आधी मोबाइल नंबर मागतं, मग ओटीपी पाठवतं, आणि तो यायला नेमकी रेंज नसते. त्या भानगडीत कोण पडणार! हॉटस्पॉटसुद्धा मी हवेतून देत नाही, केबल जोडतो. वायफायनं फोन तापतो, बॅटरी उतरते. केबलनं उलट लॅपटॉपवर फोन चार्ज होत राहतो. ब्लूटूथनंही जमतं. संथ असतं, पण बॅटरी फार खात नाही, लिहिण्यावाचण्यापुरतं ठीक. हे सगळं मी लोकांना समजावून सांगतो. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि हॉटस्पॉट सुरू करतात.

कंपनीला यातलं काही कळत नसेल, अशा भ्रमात मात्र राहू नये. डेटा लहान लहान पुडक्यांतून जातो आणि प्रत्येक पुडक्यावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. निघताना बहुधा ६४ किंवा १२८, आणि वाटेत पुडकं पुढे धाडणाऱ्या प्रत्येक यंत्रापाशी, म्हणजे राउटरपाशी, त्यातला एक वजा होतो. फोनचं स्वतःचं पुडकं ६४ घेऊन निघतं, पण लॅपटॉपचं पुडकं फोनमधून पुढे गेलं की ६४चे ६३ झालेले. म्हणजे खिशातला फोनच चहाडी करतो! कितीतरी प्लॅनमध्ये 'अमर्याद' हा शब्द फोनपुरताच असतो आणि हॉटस्पॉटची मोजदाद वेगळी, ती करायला असल्या खुणा उपयोगी पडतात.

मोजदादीत मीही मागे नाही. घरी नेट किती जळतं याची मला फिकीर नसते. उंबरा ओलांडला की अंगात कंजूष संचारतो. जोडणी आधी 'मीटर्ड' करायची, म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो असं लॅपटॉपला सांगायचं, नाहीतर सिस्टिमला नेमकी तेव्हाच आत्मसुधारणेची लहर येते. क्लाउडचं सिंक थांबवायचं. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद. ब्राउझरमधली चित्रंसुद्धा बंद, नुसती अक्षरं. कुणी बाळाचा फोटो पाठवला तर न उघडताच 'गोड!' असं कळवून टाकायचं. आणि डेटा शिल्लक असतो हो, ढीगभर असतो. मुदत संपली की वायाच जातो. तरी हात आखडतो तो आखडतोच.

समजा, संपलाच. काही प्लॅनमध्ये तेव्हा नेट तुटत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीचं वेबपान उघडायला चार मिनिटांच्या वर, तोवर उघडायचं कशाला हेच विसरायला होतं. साधं मजकुराचं मेल मात्र चार-पाच किलोबाइटचं, ते डोळ्यांदेखत जातं. सगळा तमाशा बंद पडतो आणि पत्र तेवढं पोचतं, हे मला भलतंच आवडतं. यावरून एकदा काहीतरी मोठं सुचलं होतं. लिहून ठेवायला पाहिजे होतं.

आणि ते मागणारे. प्रवासात लॅपटॉप उघडला की कुणीतरी विचारतंच. मागे एक कॉलेजातला मुलगा होता. "काका, जरा हॉटस्पॉट देता? घरी एक मेसेज टाकायचाय, माझा रिचार्ज संपलाय." नाही कसं म्हणणार! केबल काढली, हॉटस्पॉट सुरू केला. माझा पासवर्ड चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही, म्हणून त्याचा फोन हातात घेऊन मीच टाइप केला. आपल्या नेटवरून दुसऱ्यानं काहीही उघडलं तरी बाहेरून ते आपण उघडल्यासारखंच दिसतं, हे तेव्हाच नेमकं आठवलं. मुलानं मेसेज टाकला. पलीकडून उत्तर आलं असावं, कारण तो हसला. "झालं काका, थँक्यू," म्हणाला आणि स्वतःहून वायफाय बंद करून मला दाखवलंसुद्धा.

मी तरी पासवर्ड बदललाच.