देसाऊची पाच क्रमांकाची कोठडी

जर्मनीतल्या लाइपझिगहून देसाऊला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. मी तिथे पहिल्यांदा गेले ती बाउहाउस ही जुनी कला व वास्तुकलेची शाळा पाहायला. स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराने बाहेर पडून थोडे चालले की ती काचेच्या भिंतींची जगप्रसिद्ध इमारत दिसते, आणि बहुतेक पाहुणे तेवढे पाहून परत फिरतात; मीही तशीच परत फिरले होते. दुसऱ्या वेळी मी स्टेशनच्या पूर्वेच्या, म्हणजे शहराच्या बाजूच्या दाराने बाहेर पडले. तारीख ७ जानेवारी होती, आणि मला वोल्फगांगश्ट्रासे नावाच्या रस्त्यावरच्या पोलीस ठाण्याकडे जायचे होते. त्यानंतर शक्य त्या प्रत्येक वर्षी मी त्या दिवशी तिथे जात आले आहे. घरच्यांना आणि परभणीच्या मैत्रिणींना याचे नवल वाटते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

७ जानेवारी २००५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास या ठाण्याच्या तळघरातील पाच क्रमांकाच्या कोठडीत उरी जालो हा माणूस जळून मरण पावला. तो सिएरा लिओनमधून आलेला होता आणि त्याने जर्मनीत आश्रय मागितला होता. त्या दिवशी सकाळी सफाईकाम करणाऱ्या काही स्त्रियांनी तो त्रास देत असल्याची तक्रार केली, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, तो खूप प्यायलेला होता. कोठडीत त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय बेड्यांनी जखडून त्याला गादीवर उताणे ठेवले होते. त्या गादीचे आवरण सहजासहजी पेट न घेणाऱ्या कापडाचे होते. धुराचा इशारा देणारी घंटा वाजली तेव्हा पाळीवरच्या प्रमुख अधिकाऱ्याने ती बंद केली. ती पुन्हा वाजली, आणि त्याने ती पुन्हा बंद केली. कोठडीतला आवाज वर ऐकू येण्यासाठी जे यंत्र होते, त्याचाही आवाज फोनवर बोलताना अडथळा होतो म्हणून कमी केलेला होता.

सरकारी म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच राहिले, की त्याने स्वतःच लायटरने गादी पेटवली. ते किती लवकर ठरले होते, याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. घटनास्थळाचे चित्रीकरण करणारा तपास अधिकारी पायऱ्या उतरण्यापूर्वीच कॅमेऱ्यासमोर सांगतो, की एका काळ्या आफ्रिकी माणसाने जिथे स्वतःला पेटवून घेतले त्या तळघरात आपण आता जात आहोत. कोठडी अजून पाहायची आहे, राख चाळायची आहे, शवविच्छेदन व्हायचे आहे, आणि निष्कर्ष मात्र बोलून झालेला आहे. तो चित्रीकरणाचा भागही काही मिनिटांतच तुटतो. पुढे जे काही घडले त्याच्या मुळाशी मला नेहमी हे एक वाक्य दिसते. आपल्याकडे पंचनाम्याचे महत्त्व खेड्यातल्या माणसालाही कळते. पंच आत जाण्याआधीच पंचनामा लिहून ठेवला असेल, तर त्यावर कोण विश्वास ठेवील?

आणि तो लायटर. कोठडीच्या पहिल्या तपासणीत तो सापडलाच नाही. तीन दिवसांनी प्रयोगशाळेत नेलेल्या राखेच्या पिशवीतून त्याचे वितळलेले अवशेष निघाले. २०१२ मध्ये त्यांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्यांना चिकटलेले धागे गादीचे नव्हते आणि उरी जालोच्या कपड्यांचेही नव्हते. ज्या वस्तूवर संपूर्ण सरकारी कथा उभी आहे, ती वस्तू त्या कोठडीत होती हेच सिद्ध होत नाही. माझ्या पहिल्या ७ जानेवारीला ठाण्याच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या लावताना एका वृद्ध बाईंनी माझ्या हातात त्यांचा लायटर दिला. वारा होता, बोटे गारठली होती, हातमोजा काढून मी अंगठ्याने चाक चार वेळा फिरवले तेव्हा कुठे ज्योत धरली, आणि तीही दुसऱ्या हाताचा आडोसा केल्यावर. त्या बाई काही बोलल्या नाहीत. माझे दोन्ही हात मोकळे होते, हे मात्र मला त्या क्षणी फार जाणवले.

न्यायालयांची वाट लांब आहे. देसाऊच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो २००७ मध्ये, आणि डिसेंबर २००८ मध्ये आरोपी पोलीस निर्दोष सुटले. निकाल सांगतानाच न्यायाधीशांनी पोलीस साक्षीदारांवर कठोर ताशेरे ओढले. जे चालले होते त्याचा कायद्याच्या राज्याशी काही संबंध उरला नव्हता, अशा अर्थाचे ते बोलले. ज्या न्यायाधीशाला निर्दोष सोडावे लागते तोच असे बोलतो, तेव्हा सामान्य माणसाने काय समजावे? २०१० मध्ये, मृत्यूला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. माग्डेबुर्ग शहरात पुन्हा खटला चालला आणि डिसेंबर २०१२ मध्ये पाळीप्रमुखाला निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल १०,८०० युरो दंड झाला. २०१४ मध्ये ती शिक्षा कायम झाली. आग कोणी लावली या प्रश्नावर मात्र दोन्ही खटल्यांत सरकारी कथा जशीच्या तशी धरून चालले.

त्यापलीकडचे जे काही आज माहीत आहे, त्यातील बरेचसे लोकांनी पदरचे पैसे घालून मिळवले आहे, आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. देसाऊत टेलिफोन व इंटरनेटचे दुकान चालवणारे मुक्तार बा हे उरी जालोचे मित्र होते. त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या मूठभर माणसांनी स्मृती-समिती स्थापन केली. २००५ मध्येच त्यांनी दुसरे शवविच्छेदन करवून घेतले आणि त्यात नाकाचे हाड मोडल्याचे आढळले. २०१३ मध्ये देणग्या गोळा करून त्यांनी आयर्लंडमधील एका आगतज्ज्ञाकडून चाचण्या करवल्या. इंधनासारखा काही ज्वालाग्राही पदार्थ वापरल्याशिवाय मृतदेहाची तशी अवस्था होऊ शकत नाही, असा त्यातून निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये एका क्ष-किरणतज्ज्ञाने २००५ च्याच प्रतिमा पुन्हा तपासल्या आणि कवटी, नाक व बरगडी यांचे अस्थिभंग मृत्यूपूर्वी झालेले आहेत असे सांगितले. या प्रतिमा चौदा वर्षे उपलब्ध होत्या. दरम्यान २००६ मध्ये मुक्तार बा यांच्या दुकानाचा परवाना काढून घेण्यात आला, आणि २००९ मध्ये बर्लिनच्या मानवी हक्क संघटनेने त्यांना कार्ल फोन ओसिएत्स्की पदक दिले. एकाच देशात एका माणसाला तीन वर्षांच्या अंतराने मिळालेली ही दोन उत्तरे आहेत.

सरकारी यंत्रणेतही एकाने आपले मत बदलले, हे सांगितलेच पाहिजे. देसाऊचे मुख्य सरकारी वकील फोल्कर बिटमान अनेक वर्षे ‘त्याने स्वतःच पेटवून घेतले’ या म्हणण्याच्या बाजूने होते. २०१६ मध्ये त्यांच्याच कार्यालयाने नवी अग्निचाचणी करवली, तज्ज्ञांची मते एकत्र ऐकली, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी संघीय महाधिवक्त्यांना, म्हणजे देशाच्या सर्वोच्च सरकारी वकिलांना, लिहिले, की हा खून असावा आणि आधी झालेल्या जखमा लपवणे हा त्यामागचा हेतू असू शकतो. चित्रीकरणाच्या त्या एका वाक्यापासून बारा वर्षांनी सरकारच्या बाजूने कोणीतरी राखेकडे पाहून बोलले होते. संघीय महाधिवक्त्यांनी प्रकरण हाती घेतले नाही. राज्यातील वरिष्ठांनी ते देसाऊकडून काढून हाले शहराच्या सरकारी वकिलांकडे दिले, आणि काही महिन्यांतच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, तपास बंद झाला. मला इथे ‘दडपले’ हा शब्द वापरायचा नाही, कारण आत काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही. पण ज्याने प्रश्न विचारला त्याच्या हातून कागद गेले आणि ज्यांच्या हाती आले त्यांनी ते बांधून ठेवले, हा क्रम तर कोणालाही दिसतो.

जर्मनीत सरकारी वकील हे न्याय मंत्र्यांच्या आदेशाधीन असतात, हे बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. याच कारणाने मे २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने जर्मन सरकारी वकिलांना युरोपीय अटक वॉरंट काढण्यासाठी पुरेसे स्वतंत्र मानण्यास नकार दिला. पोलिसांचा तपास पोलिसांनी करायचा, त्यावर देखरेख पोलिसांसोबत रोज काम करणाऱ्या सरकारी वकिलांनी करायची, आणि त्यांच्यावर मंत्री, अशी ही रचना आहे. २०२४ मध्ये संसदेने पोलिसांविषयीच्या तक्रारींसाठी संघीय आयुक्त नेमला, ती चांगली गोष्ट झाली. परंतु त्याचा अधिकार संघीय पोलीस यंत्रणांपुरता आहे, आणि देसाऊचे ठाणे राज्याच्या पोलिसांचे आहे.

या ठाण्याचा पूर्वेतिहासही लोक विसरलेले नाहीत. १९९७ मध्ये तिथून सोडलेला एक माणूस काही तासांत जबर जखमी अवस्थेत सापडला आणि मरण पावला. २००२ मध्ये मारिओ बिख्टेमान हा बेघर माणूस कवटीच्या दुखापतीने मेला, आणि तोही याच पाच क्रमांकाच्या कोठडीत. त्याच शहराच्या उद्यानात अल्बेर्तो आद्रिआनो या मोझांबिकहून आलेल्या माणसाचे स्मारक आहे. त्याला जून २००० मध्ये नवनाझी तरुणांनी बेदम मारहाण केली आणि तो त्यातच गेला. त्या प्रकरणात मात्र आरोपी पकडले गेले, खटला वेगाने चालला आणि शिक्षा झाल्या. देसाऊतील माणसे ही दोन प्रकरणे शेजारी ठेवतात, तेव्हा न्याय कसा करायचा हे या व्यवस्थेला येते, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरत नाही, आणि नेमका त्यामुळेच त्यांचा अविश्वास अधिक खोल होतो.

ऑगस्ट २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी दोन अनुभवी कायदेतज्ज्ञांनी अहवाल दिला. त्या दिवशी पोलिसांनी जे जे केले ते जवळजवळ सगळेच चुकीचे किंवा बेकायदेशीर होते, असे त्यांनी नोंदवले, ताब्यात ठेवणेसुद्धा. आणि तरीही पुढे तपास करण्याजोगा धागा उरलेला नाही, असेही म्हटले. उरी जालोच्या भावाची तक्रार घटनात्मक न्यायालयाने फेटाळली ते २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले, आणि त्याच वर्षी प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे नेण्यात आले.

माझा एक जर्मन सहकारी आहे, सज्जन आणि न्यायप्रिय. तो मला म्हणाला, इतकी न्यायालये झाली, इतके अहवाल झाले, मग अजून काय हवे? मी त्याला म्हटले, पहिल्या दिवशी कोऱ्या मनाने कोठडीत जाणारा एक माणूस हवा होता. तो बराच वेळ गप्प राहिला.

मी हे परक्याचे गाऱ्हाणे म्हणून सांगू शकत नाही, कारण मी परभणीची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या गावात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर जे घडले, त्यात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला मरण पावला. चौकशी पूर्ण होण्याच्या आधीच विधानसभेत सांगण्यात आले, की त्याला मारहाण झालेली नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले होते. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले आणि तसा आदेश जुलै २०२५ मध्ये निघाला. पोलीस कोठडीतून नाहीसा झालेल्या परभणीच्याच ख्वाजा युनूसच्या आईनेही २००३ पासून अशीच वाट पाहिली, आणि त्यांना तर मुलाचा मृतदेहसुद्धा मिळाला नाही. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी केलीच पाहिजे अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे, आणि मी ती जर्मनीतल्या मित्रांना अभिमानाने सांगते. पण उत्तर आधी आणि तपास नंतर, हा देसाऊचा क्रम मला इतका ओळखीचा का वाटला, तेही त्यांना सांगावे लागते.

गेल्या वेळी निघण्याच्या आदल्या रात्री बाबांचा फोन आला होता. देसाऊला जाणार आहे म्हटल्यावर ते थोडे थांबले. मग म्हणाले, “जा, पण गरम कपडे नीट घाल. आणि मला एक सांग, तिथे पोलीस फोटो काढतात का?”

“काढतात बाबा,” मी म्हणाले. “रस्त्याच्या कडेला त्यांची गाडी उभी असते.”

“मग तुझ्या व्हिसाचे कागद सोबत ठेव,” ते म्हणाले. मी ते पिशवीत आधीच ठेवले होते.