थाळनेरचं भूत

माझं आजोळ थाळनेर, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. मे महिन्याच्या सुट्टीत रात्री लाईट गेली (जायचीच) की आम्ही सगळी पोरं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, गोधड्या टाकून पडायचो आणि आजीमाय किल्ल्यातल्या भुताची गोष्ट सुरू करायची. मुंजा, हाडळ, खवीस असलं घरचं काही नाही बरं का, आमचं भूत म्हणजे डायरेक्ट गोरा साहेब! टोपी घालून दरवाज्यात उभा राहतो आणि आपल्याशी काहीतरी बोलतो. "काय बोलस ते समजस नई, पन तुम्ही ओ देऊ नका." ओ दिली की खेळ खल्लास.

मामेभावाला एकच शंका होती, त्याला अहिराणी येते का? आजीमायने पाठीत धपाटा घातला, उत्तर काही दिलं नाही.

आता कळतं की त्या भुताचं खरं काम आम्हाला नदीच्या बाजूच्या ढासळत्या कड्यापासून लांब ठेवणं हे होतं, आणि ते त्याने इमानदारीत केलं. गुप्तधनवाल्यांना मात्र ते कधी घाबरवू शकलं नाही. सोन्याच्या हंड्याच्या नादात रात्रीतून खड्डे करणारे लोक महाराष्ट्रातल्या कुठल्याही किल्ल्यावर येतातच, भुतांचा त्यांच्यापुढे काय निभाव लागणार.

मग कॉलेजात असताना लायब्ररीत जुनं गॅझेटियर चाळत होतो, खरंतर शोधत होतो खानदेशच्या फारुकी सुलतानांना. थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी, घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा 1399 मध्ये गेला, त्या घराण्याच्या कबरी अजून गावात आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्या सावलीत कैऱ्या खायचो. तर ते वाचता वाचता पुढे 1818 आलं आणि मी ताठ बसलो.

डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारीत मंदसौरचा तह झाला, त्यात खानदेशातले किल्ले इंग्रजांकडे गेले. 27 फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला तर किल्ल्यातून तोफा सुरू. दिवसभर मारा झाला. शेवटी किल्लेदार तुळशीराम मामा स्वतः बाहेर येऊन शरण गेला. इथपर्यंत ठीक होतं. पण आतल्या दरवाज्यात शिबंदी, म्हणजे किल्ल्यातले शिपाई, अजून बसलेली होती, इंग्रज अधिकारी दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरले, काहीतरी बोलाचाली झाली, कोणाला कोणाचं काय कळलं देव जाणे, आणि तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच मेले. मग बाहेरच्या फौजेने आतल्या तीनेकशे माणसांची कत्तल केली, आणि आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिलं. हे प्रकरण विलायतेत इतकं गाजलं की पार्लमेंटने त्या युद्धाबद्दल हिस्लॉपचे आभार मानले तेव्हा थाळनेरचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला.

म्हणजे दरवाजा, साहेब, आणि न कळणारं बोलणं. आजीमायकडे सगळं होतं, फक्त साल नव्हतं! अंगावर काटा आला तो भुताचा नाही, या हिशोबाचा. पण मग तीनशे माणसं कुठे गेली? मेली सगळी आपल्या बाजूची आणि गावात फिरतो तो साहेब, हे मला काही पटेना. साहेब मेलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल, म्हणून असेल कदाचित.

सुट्टीत गेलो तेव्हा आजीमायला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. गॉर्डन, हिस्लॉप, पार्लमेंट, सगळं कानाआड. फक्त एकदा हात थांबला.

"शरन येल माणूसले फाशी दिन्ही?"

"हो ना."

"मामा नाव व्हतं?"

"तुळशीराम मामा."

परत शेंगा फोडायला लागली. मला वाटलं विसरली असेल.

दोन वर्षांनी बहिणीचा पोरगा सोबत होता, हातात मोबाईल, तरी आजीमायने गोष्ट लावलीच. साहेब दरवाज्यात आला, टोपी आली, ओ देऊ नका आलं. आणि मग ती खाली आवाजात म्हणाली, साहेबाच्या मागे बुरुजापाशी अजून एक जण उभा राहतो, धोतरवाला, तो कोणाला काही करत नाही, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो, "मी त बाहेर येल व्हतू ना."

पोराने विचारलं, त्याला ओ द्यायची का?

"त्याले दे," आजीमाय म्हणाली. "मामा शे तो."