हायकू सोपी निघाली, लॅपटॉपनेच छळलं

हायकू ही संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) वापरून बघायची आणि जमलं तर तिच्यासाठी थोडं कामही करायचं, एवढाच बेत होता. आता कोणी विचारलं की मी आधी बायोसबद्दलच, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या मेनूबद्दलच बोलते, कारण माझा सगळा वेळ तिथे गेला.

हायकू म्हणजे लिनक्स नव्हे. 2001 मध्ये पामने बी कंपनीची मालमत्ता विकत घेतली, त्या कंपनीची बीओएस ही प्रणाली बंद पडली, आणि चाहत्यांनी तीच प्रणाली नव्याने लिहायला घेतली. हायकूची पाचवी बीटा (चाचणी आवृत्ती) सप्टेंबर 2024 मध्ये आली. ती मी उतरवली, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) जुळवला, पेन ड्राइव्हवर चढवली. इथवर काहीच त्रास नाही.

पण लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हला दारातच उभा करेना. कारण सिक्युअर बूट. ते चालू असलं की फर्मवेअर (लॅपटॉपमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) फक्त ओळखीची डिजिटल सही असलेला बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सुरू होऊ देतं, आणि बहुतेक लॅपटॉपांत त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या चाव्या भरलेल्या असतात. मोठी लिनक्स वितरणं तिथून सही मिळवतात. हायकूच्या बूटलोडरवर ती नाही, म्हणून सिक्युअर बूट बंद करा, असं हायकूवाले स्वच्छ सांगतात. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी मात्र ते कसं करायचं हे कुठे धड लिहिलेलं नाही.

आधी बायोसमध्ये शिरताच येईना. एफ टू कितीही बडवा, विंडोज हजर. शेवटी विंडोजमधूनच शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं आत गेले. तिथे सिक्युअर बूटची ओळ दिसत होती, पण राखाडी. बाण तिच्यावरून उडी मारून पुढे जायचा. का, याबद्दल एक अक्षर नाही. कंपनीच्या मदत केंद्राने, विंडोजशिवाय दुसऱ्या प्रणालीसाठी आम्ही मदत करत नाही, असं ऐकवलं. अहो, मला प्रणाली नाही विचारायची, तुमच्याच मेनूतली ओळ विचारतेय!

उत्तर असं निघालं की आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवायचा, सेव्ह करून पुन्हा आत यायचं, मग ती ओळ जिवंत होते. दुसऱ्या कोणी गुपचूप बदल करू नये म्हणून ही सोय, हे पटतं. पण मग तसं त्या ओळीखाली लिहायला काय जातं? मी इतकी वैतागले होते की हायकूचा डेस्कटॉप उघडला तेव्हा एकटीच टाळ्या वाजवल्या.

हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवा. नंतर विंडोज ती मागू शकतं.

पुढचं भराभर झालं. पेन ड्राइव्हवरूनच चालवलं तरी केलेले बदल टिकतात, त्यामुळे हार्ड डिस्कला न दुखावता आरामात बघता येतं. योगदानासाठी मी हायकूपोर्ट्स निवडलं, म्हणजे इतर प्रोग्राम हायकूवर आणायचा प्रकल्प. तिथे प्रत्येक प्रोग्रामची एक रेसिपी असते: मूळ कोड कुठून आणायचा, त्याचा चेकसम, कशावर अवलंबून आहे, बांधायचं कसं. मी एका छोट्या प्रोग्रामची रेसिपी नव्या आवृत्तीवर आणली. फाइलच्या नावात आवृत्ती असते, ती बदलली, चेकसम नवा टाकला, रिव्हिजन परत 1 केली, हायकूपोर्टर या साधनाने पॅकेज बांधून चालवून पाहिलं आणि गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती) टाकली. तपासणाऱ्याने एक किरकोळ दुरुस्ती सुचवली, ती केली, विलीन झालं. सी प्लस प्लस येत नसेल तर सुरुवात इथूनच करा. हायकूच्या मुख्य कोडमध्ये हात घालायचा असेल तर गिटहबवर थांबू नका, तिथे नुसती प्रत आहे; मुख्य कोडमधले बदल गेरिट या तपासणीच्या संकेतस्थळावर पाठवावे लागतात.

आणि तो सुपरवायझर पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर पुन्हा त्याच मदत केंद्राशी गाठ आहे.