संपाची कादंबरी आणि खाड्यांची वही

मुंबईच्या गिरणी संपावर लिहायचं हे बरीच वर्षं डोक्यात होतं, पण हातात फक्त विषय होता, गोष्ट नव्हती. 18 जानेवारी 1982, दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. शिवाय कादंबरी लिहिणाऱ्याची एक पंचाईत आहे: हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग कळस आणायचा कुठे आणि थांबायचं कुठे?

म्हणून मी घटना बाजूला ठेवली आणि माणूस शोधू लागले. संपाची झळ लागली, पण संप करावा की नाही हे जिला कुणी विचारलंच नाही, अशी कोण? लालबागच्या एका आजींशी बोलताना उत्तर मिळालं. त्यांची खाणावळ होती. बायकापोरं गावी ठेवून गाळ्यात राहणारे कोकणातले, घाटावरचे गडी त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. (प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी.) आजींची एक वही असे. नावापुढे तारखा, जो जेवला नाही त्याच्या तारखेवर फुली, म्हणजे खाडा. संपात माणसं गावी गेली आणि फुल्या वाढत गेल्या. "मग फुल्या मारायच्याच सोडल्या," आजी म्हणाल्या, "परत येणार असला तर खाडा ना?"

बांधणी तिथेच सापडली. तीन अंकी आराखडे वगैरे मी वाचलेत, मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. प्रकरणांना नावं दिली ती ताटांची: सतरा ताटं, अकरा ताटं, सात. कुणी पंगतीतून गेला की प्रकरण संपतं, आणि तो का गेला एवढीच त्या प्रकरणाची गोष्ट. सभा, मोर्चे सगळं भाकऱ्या थापता थापता कानावर येतं तेवढंच. प्रत्येक जेवणाऱ्याचं नाव, गाव, उधारी पाठकोऱ्या कागदांवर लिहून जमिनीवर मांडली. सगळ्यात जास्त उधारीवाला खरं तर आधी पळाला असता. त्याला मी शेवटपर्यंत बसवलाय. बाई त्याला अजून जेवू का घालते, या एका प्रश्नावर मधली शंभर पानं चालतात.

सध्या अडलंय दरावर. त्या वर्षी महिन्याच्या जेवणाचे किती घेत, हे जो तो वेगळं सांगतो. वाचक एवढे आकडे बघत नाहीत, असं एक स्नेही म्हणतात. लालबागचे बघतात.